जावा ८: टूमॅप म्हणतो ‘डुप्लिकेट की वेस्टर्न’, पण वेस्टर्न माझी की नाहीच आहे!

घाटकोपर_स्लो

नमस्कार मंडळी. जावात नवीन आहे, प्लीज सांभाळून घ्या. मोबाइलवरून टाइप करतोय म्हणून कोड पण देवनागरीतच टाकतोय, समजून घ्या.

ऑफिसात एचआरला एक रिपोर्ट हवाय. कोण कुठल्या स्टेशनवरून येतं, कुठली लाइन, यायला किती मिनिटं लागतात, पासचे पैसे किती, असं सगळं लाइनप्रमाणे, म्हणजे मग ते ठरवणार कुणाला कुठल्या दिवशी घरून काम द्यायचं. माझ्याकडे दोन फाइली आहेत. एकीत स्टेशनचं नाव आणि लाइन. दुसरीत माणसं, म्हणजे नाव, स्टेशन, मिनिटं, फर्स्ट क्लास की सेकंड, आणि पासची रक्कम. माणसाच्या फाइलीत लाइन नाहीये, म्हणून मी आधी स्टेशनवरून लाइन मिळेल असा मॅप (की दिली की तिची व्हॅल्यू देणारी यादी, इथे की स्टेशन आणि व्हॅल्यू लाइन) टूमॅपने करायला गेलो:

स्टेशनं.स्ट्रीम().कलेक्ट(टूमॅप(स्टेशन::नाव, स्टेशन::लाइन))

तर इल्लीगलस्टेटएक्सेप्शन, आणि मेसेज काय तर ‘डुप्लिकेट की वेस्टर्न’. आता वेस्टर्न ही माझी की नाहीच, ती व्हॅल्यू आहे, आणि व्हॅल्यू तर रिपीट होणारच ना, चर्चगेटपासून विरारपर्यंत सगळी वेस्टर्नच आहेत! टूमॅपला व्हॅल्यू पण युनिक लागते का? नेटवर कुणीतरी लिहिलंय की तिसरं पॅरामीटर द्या, (अ, ब) -> अ, ते दिलं आणि एरर गेली. पण का गेली ते कळलं नाही, म्हणून भीती वाटतेय.

दुसरं म्हणजे रिपोर्टसाठी मी एक फॉर लूप आणि बाहेर चार हॅशमॅप ठेवलेत, एकात काउंट, एकात मिनिटांची बेरीज, एकात नावं, एकात पैसे. चालतंय. पण रिव्ह्यूमध्ये सिनियर म्हणाले कलेक्टर वापर (म्हणजे स्ट्रीममधून येणाऱ्या ओळी गोळा करून निकाल बनवणारा), आणि ग्रुपिंगबायच्या (की बघून गट पाडणारा कलेक्टर) आत ग्रुपिंगबाय बघून मला गरगरायला लागलं. आम्ही अजून जावा ८ वरच आहोत, व्हर्जन बदलणं माझ्या हातात नाही.

नलपॉइंटर_काकू

अरे घाबरू नकोस, तुझी शंका बरोबर आहे आणि मेसेज चुकीचा आहे. जावा ८ मधली ती प्रसिद्ध गोची आहे. टूमॅपला दोनदा आलेली की सापडली की तो एक्सेप्शन टाकतो, पण मेसेजमध्ये की छापायच्या जागी त्या कीसाठी आधी ठेवलेली व्हॅल्यू छापतो. म्हणजे ‘डुप्लिकेट की वेस्टर्न’ याचा अर्थ असा की कुठलंतरी स्टेशन दोनदा आलंय आणि पहिल्यांदा आलं तेव्हा त्याची लाइन वेस्टर्न होती. जावा ९ मध्ये हे दुरुस्त केलं, तिथे खरी की आणि भांडणाऱ्या दोन्ही व्हॅल्यू छापून येतात. व्हॅल्यू युनिक असायची काही गरज नाही.

आता तुझ्या फाइलीत दोनदा काय आलं असेल हे मुंबईच्या माणसाला सांगायला डीबगर लागत नाही. वेस्टर्नवर आहे आणि अजून कुठल्यातरी लाइनवर पण आहे.

दादर 🙂

आणि दादर काढलंस तर वांद्रे येईल, मग माहीम, मग अंधेरी, हार्बर आहे ना तिथे. २०१८ पासून हार्बर गोरेगावपर्यंत जाते त्यामुळे पुढची स्टेशनं पण आली. सेंट्रल आणि हार्बरमध्ये सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, कुर्ला. ठाण्याला ट्रान्सहार्बर. पहिल्या डुप्लिकेटवरच तो थांबतो म्हणून तुला एकच दिसलं.

तर (अ, ब) -> अ ने काय झालं ते बघ. तू त्याला सांगितलंस की एकाच कीला दोन व्हॅल्यू आल्या तर पहिली ठेव, दुसरी फेकून दे. फाइलीत वेस्टर्न आधी असेल तर दादरचे सगळे लोक वेस्टर्नचे झाले. उद्या कुणी एक्सेलमध्ये सॉर्ट मारला आणि सेंट्रल वर आली, तर तेच लोक सेंट्रलचे. कोड तोच, माणसं तीच, रिपोर्ट वेगळा, आणि एरर कुठेच नाही. नेटवरचं ते उत्तर चुकीचं नाही, पण ‘दोन आल्या तर काय करू’ हा जावाने तुला विचारलेला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कॉपी-पेस्ट करता येत नाही, ते एचआरलाच माहीत.

मला वाटतं तुला स्टेशनवरून लाइन नकोय, स्टेशनवरून लाइनींचा सेट हवाय:

स्टेशनं.स्ट्रीम().कलेक्ट(ग्रुपिंगबाय(स्टेशन::नाव, मॅपिंग(स्टेशन::लाइन, टूसेट())))

आता दादरला दोन लाइनी मिळतील आणि मरीन लाइन्सला एक. डेटा जसा आहे तसा मॅपमध्ये आला, कुणाला फेकलं नाही.

सातवा_डबा

काकूंना +१. एक भर घालतो. रेल्वेच्या हिशोबात दादर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, वेस्टर्नच्या दादरचा कोड डीडीआर आणि सेंट्रलच्या दादरचा डीआर. नावाऐवजी स्टेशन कोड की म्हणून घेतलास तर दादरचं भांडण मिटेल. पण कुर्ल्याचं मिटणार नाही, तिथे सेंट्रल आणि हार्बर दोन्हीला सीएलए एकच. म्हणजे सेट लागणारच, काकूंचंच बरोबर.

आणि अजून एक, नावं साफ करायच्या नादात कुणी ‘रोड’ शब्द उडवत असेल तर थांबवा त्याला. माटुंगा सेंट्रलला आहे, माटुंगा रोड वेस्टर्नला. आमच्याकडे एकाने हे केलं होतं. तसंच जुन्या फाइलीत एल्फिन्स्टन रोड असेल आणि नव्या फाइलीत प्रभादेवी, नाव २०१८ ला बदललं, तर एकाच स्टेशनचे दोन ग्रुप पडतील आणि तिथे तर काही एक्सेप्शन पण येणार नाही, गुपचूप पडतील.

ठाणे_फास्ट

मी थोडं वेगळं बोलतो, शिव्या घालू नका. फॉर लूप चालतोय तर चालू दे की. जावा ८ मध्ये मॅपवर कम्प्यूटइफअॅबसेंट आलंय, मर्ज आलंय, त्याने लूप पण छान सुटसुटीत होतो. तीन लेव्हलचा ग्रुपिंगबाय सहा महिन्यांनी उघडला की ज्याने लिहिला त्यालाच कळत नाही. सिनियर लोकांना स्ट्रीम दिसला की मॉडर्न वाटतं, बाकी काही नाही.

नलपॉइंटर_काकू

ठाणे फास्ट, लूपला माझा विरोध नाही, बाहेर ठेवलेल्या चार हॅशमॅपना आहे. चार मॅप वेगवेगळे भरायचे म्हटल्यावर एखाद्या इफमध्ये तीनच भरले जातात आणि मग काउंट ३८ आणि नावं ३७. कलेक्टरमध्ये प्रत्येक ग्रुपचं भांडं तोच आणतो, तोच भरतो, त्यामुळे ही जागाच राहत नाही.

घाटकोपर, तुला गरगरतंय कारण तू डावीकडून उजवीकडे वाचतोयस. आधी कागदावर लिही की हातात शेवटी काय पाहिजे. ‘लाइनप्रमाणे नावं, कॉमा टाकून’ म्हणजे की लाइन आणि व्हॅल्यू स्ट्रिंग. ग्रुपिंगबायचं पहिलं पॅरामीटर म्हणजे की कशी काढायची, आणि दुसरं म्हणजे त्या ग्रुपमधल्या माणसांचं काय करायचं. दुसरं दिलंच नाहीस तर लिस्ट करतो. दिलंस तर ते पण एक कलेक्टरच असतं, बस्स, एवढंच आहे ते आतल्या आत जाणं. तर (प्रवास म्हणजे माणसाच्या फाइलीतली एक ओळ, तिला लाइन जोडलेली):

ग्रुपिंगबाय(प्रवास::लाइन, मॅपिंग(प्रवास::नाव, जॉइनिंग(", ")))

मॅपिंग मधे का लागलं, तर जॉइनिंगला फक्त अक्षरं जोडता येतात, त्याला अख्खा ऑब्जेक्ट दिलास तर कंपाइलच होणार नाही.

काउंट आणि मिनिटं यासाठी दोन वेगळे मॅप करू नकोस, समरायझिंगइंट(प्रवास::मिनिटं) घाल. एकाच फेरीत काउंट, बेरीज, सरासरी, कमीत कमी, जास्तीत जास्त सगळं एका ऑब्जेक्टमध्ये मिळतं. नुसता काउंट हवा असेल तर काउंटिंग() आहे, पण ते लाँग (मोठ्या पूर्णांकाचा टाइप) देतं, इंटिजरच्या मॅपमध्ये टाकायला गेलास की कंपाइलर लाल होतो आणि नवीन मुलं तासभर जेनेरिक्सला नावं ठेवत बसतात.

पैशासाठी समिंगडबल वापरू नकोस, डबलमध्ये दशांश अचूक राहत नाहीत. बिगडेसिमल (अचूक दशांश आकडा) घे आणि रिड्यूसिंग(बिगडेसिमल.झीरो, प्रवास::रक्कम, बिगडेसिमल::अॅड).

घाटकोपर_स्लो

काकू दंडवत. कागदावर आधी लिहिलं आणि खरंच सुटलं. पण आता तीन गोष्टी अडल्यात.

एक, ज्या प्रवासाचं स्टेशन दोन लाइनींवर आहे त्याचं काय करू, मी फ्लॅटमॅप करून दादरच्या माणसाचे दोन प्रवास केले, एक वेस्टर्न एक सेंट्रल, पण मग सगळ्या लाइनींची बेरीज ऑफिसातल्या माणसांपेक्षा जास्त येते. दोन, रिपोर्टमध्ये लाइनींचा क्रम कसाही येतो, हार्बर मग वेस्टर्न मग सेंट्रल, एचआरला नेहमी वेस्टर्न सेंट्रल हार्बर ट्रान्सहार्बर असाच पाहिजे. तीन, प्रत्येक लाइनवर फर्स्ट क्लासवाले किती ते पाहिजे, मी आधी फिल्टर लावला आणि मग ग्रुप केलं, तर ट्रान्सहार्बर रिपोर्टमधून गायबच झाली, तिथे शून्य यायला हवं होतं.

विरार_बीटेक

पॅरललस्ट्रीम (एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालणारा स्ट्रीम) लाव ना, फास्ट होईल. (त्याच्या प्रश्नाशी संबंध नाही माहितीये, पण कुणी बोललंच नाही म्हणून.)

नलपॉइंटर_काकू

विरार, त्याच्या ऑफिसात माणसं किती असतील? काही शे ओळींना पॅरलल म्हणजे कामाचे तुकडे करायचा आणि परत जोडायचा खर्चच जास्त. शिवाय ग्रुपिंगबायला पॅरललमध्ये प्रत्येक तुकड्याचा वेगळा मॅप होतो आणि शेवटी ते मॅप की बघून बघून एकात एक ओतावे लागतात, ते स्वस्त नसतं. ग्रुपिंगबायकॉन्करंट आहे, पण त्यात आतल्या लिस्टमधला क्रम टिकेलच असं नाही. आणि त्याचा जुना बाहेरच्या हॅशमॅपवाला लूप फॉरइचने पॅरलल केला असता तर अजूनच मजा, हॅशमॅप थ्रेडसेफ नसतो, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम भरला तर कधी बरोबर कधी चूक.

घाटकोपर, पहिल्याचं उत्तर कोडमध्ये नाही रे. फ्लॅटमॅप केल्यावर तू माणसं मोजत नाहीयेस, माणूस-लाइन अशा जोड्या मोजतोयस, मग बेरीज जास्त येणारच. रिपोर्टवर तसं लिही, नाहीतर माणसाच्या फाइलीत लाइनचा कॉलम वाढवून घे. दादरचा माणूस पुलावरून कुठे जातो ते तोच सांगणार.

दुसऱ्याचं सोपं आहे. ग्रुपिंगबाय न सांगता हॅशमॅप देतो आणि हॅशमॅपला क्रमाशी देणंघेणं नाही. तीन पॅरामीटरवाला ग्रुपिंगबाय आहे, मधल्या जागी कुठला मॅप हवा ते सांगायचं. लिंक्डहॅशमॅप दिलास तर जी लाइन आधी आली ती आधी. ट्रीमॅप दिलास तर की सॉर्ट होऊन. पण तुला एचआरचा ठरलेला क्रम हवाय ना, मग लाइन ही स्ट्रिंग ठेवूच नकोस, एनम (ठरावीक नावांचाच टाइप) कर आणि त्यात वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, ट्रान्सहार्बर याच क्रमाने लिही:

ग्रुपिंगबाय(प्रवास::लाइन, () -> न्यू एनममॅप<>(लाइन.क्लास), समरायझिंगइंट(प्रवास::मिनिटं))

एनममॅप लिहिलेल्या क्रमानेच फिरतो. आणि ‘वेस्टर्न ’ असं मागे स्पेस लागलेलं काही आलं तर एनम करतानाच आपटेल, रिपोर्टमध्ये दोन वेस्टर्न दिसणार नाहीत.

सातवा_डबा

तिसऱ्याचं मी सांगतो, यावर मी स्वतः खूप डोकं लावलंय. आधी फिल्टर केलंस म्हणजे ग्रुपिंगबायपर्यंत ट्रान्सहार्बरचा माणूस पोचलाच नाही, मग त्याला काय माहीत अशी लाइन आहे म्हणून. जावा ९ मध्ये फिल्टरिंग नावाचा कलेक्टर आला तो याच्यासाठीच, तो ग्रुपच्या आत गाळतो, त्यामुळे ग्रुप राहतो आणि आत शून्य. फ्लॅटमॅपिंग पण ९ मध्येच. तुमच्याकडे ८, त्यामुळे दोन्ही नाहीत.

८ मध्ये पार्टिशनिंगबाय वापर:

ग्रुपिंगबाय(प्रवास::लाइन, पार्टिशनिंगबाय(प्रवास::फर्स्टक्लास, काउंटिंग()))

पार्टिशनिंगबायची खासियत अशी की ट्रू आणि फॉल्स दोन्ही की कायम असतात, एकही माणूस नसला तरी. म्हणजे ट्रान्सहार्बरला ट्रू समोर ० येईल, नल (काहीच नाही) नाही येणार. सेकंडवाल्यांचा आकडा फुकटात. फक्त ज्या लाइनवरून ऑफिसात कुणीच येत नाही ती मात्र अशी पण दिसणार नाही, ती एनमच्या व्हॅल्यूज फिरवून हाताने घालावी लागेल.

ठाणे_फास्ट

ओके एनममॅप आणि पार्टिशनिंग बघून मी थोडा नरमलो. पण मग एक विचारतो, हे रिड्यूसिंग आणि कलेक्ट यात फरक काय नक्की? मी एकदा रिड्यूसिंग(न्यू अॅरेलिस्ट<>(), ...) लिहून ग्रुपमध्ये लिस्ट भरायला गेलो तर प्रत्येक ग्रुपमध्ये सगळ्यांचीच नावं आली होती. तेव्हापासून मी लूपवाला.

नलपॉइंटर_काकू

हा चांगला प्रश्न आहे, आणि खरं तर धाग्यातलं मुख्य हेच आहे.

लग्नात आहेर लिहायला दोन टेबलं लावतात बघ. प्रत्येक टेबलाला आधी एक कोरी वही दिली जाते. पाहुणा आला की त्या त्या टेबलावरचा माणूस वहीत एक ओळ लिहितो. शेवटी दोन्ही वह्या एकत्र करतात. मग कुणीतरी काका बसून बेरीज मारतात आणि आकडा सांगतात. कलेक्टरमध्ये हेच चार भाग असतात, सप्लायर कोरी वही देतो, अॅक्युम्युलेटर ओळ लिहितो, कम्बायनर दोन वह्या जोडतो, फिनिशर शेवटचा आकडा काढतो. टूलिस्टसारख्याला वहीच हवी असते, बेरीज नको, म्हणून त्याचा फिनिशर काही करत नाही.

आता रिड्यूसिंगमध्ये तू पहिलं पॅरामीटर म्हणून वही देत नाहीस, सुरुवातीची व्हॅल्यू देतोस, आणि तीच एक व्हॅल्यू सगळ्या ग्रुपना मिळते. ती ० असेल, बिगडेसिमल झीरो असेल तर काही बिघडत नाही कारण ती बदलता येत नाही, बेरीज केली की नवीन आकडा तयार होतो. पण तू अॅरेलिस्ट दिलीस आणि आत अॅड मारत राहिलास, म्हणजे सगळ्या टेबलांवर एकच वही. वेस्टर्नवाल्याने लिहिलं ते सेंट्रलवाल्याला पण दिसणार. म्हणून भरायचं भांडं असेल तिथे कलेक्ट, आणि न बदलणाऱ्या दोन गोष्टींची एक करायची असेल तिथे रिड्यूस.

स्वतःचा कलेक्टर लिहायची वेळ आली तर कलेक्टर.ऑफ ला हेच भाग द्यायचे. साध्या स्ट्रीममध्ये कम्बायनर बोलावलाच जात नाही त्यामुळे लोक तिथे काहीही खरडतात, टेस्ट पास होते, आणि पुढे कुणीतरी विरारसारखा उत्साही येऊन पॅरलल लावतो.

विरार_बीटेक

काकू 😅

घाटकोपर_स्लो

झालं! रिपोर्ट आला, क्रम बरोबर, ट्रान्सहार्बरला ० दिसतोय. मध्ये एक नलपॉइंटर आला होता, ‘एलिमेंट कॅनॉट बी मॅप्ड टु अ नल की’ म्हणून, तो एका माणसाच्या लाइनचा कॉलम रिकामा होता त्याचा निघाला. एचआरने कॉलम वाढवून दिला पण दोघातिघांनी भरलाच नाही. त्यांच्यासाठी मी एनममध्ये शेवटी ‘माहीत नाही’ घातलंय.

सिनियरनी बघितलं, म्हणाले कलेक्टर एका ओळीत खूप लांब झालाय, तोडायचा कसा?

नलपॉइंटर_काकू

आतला कलेक्टर बाहेर काढून व्हेरिएबलमध्ये ठेव आणि नाव दे, ‘क्लासप्रमाणे_संख्या’ असं काहीतरी. टाइप लिहिताना तीन जागा असतात, काय आत येतं, मधलं भांडं, आणि काय बाहेर पडतं. मधल्या जागी प्रश्नचिन्ह टाक, ते भांडं कुठलं आहे याच्याशी आपलं काम नाही. मग ग्रुपिंगबायची ओळ वाचताना मराठीत वाचल्यासारखी होते, लाइनप्रमाणे, क्लासप्रमाणे संख्या. ठाणे फास्टचा सहा महिन्यांचा मुद्दा तिथे सुटतो.

रिकाम्या कॉलमवरून आठवलं, टूमॅप कुठे उरला असेल तर लक्ष ठेव, त्याला व्हॅल्यू नल आली तरी नलपॉइंटर येतो. हॅशमॅपला नल चालतं पण टूमॅप आतून मर्ज वापरतो आणि मर्जला नल चालत नाही.

ठाणे_फास्ट

नाव देऊन बाहेर काढणं मान्य. ते मी पण करेन.

सातवा_डबा

घाटकोपर, कधीतरी तुमचं ऑफिस पुढच्या व्हर्जनवर जाईलच, तेव्हा पार्टिशनिंग काढून फिल्टरिंग घालायची घाई करू नकोस, चालतंय ते चालू दे. पण जावा १६ पासून स्ट्रीमवर सरळ टूलिस्ट आलंय आणि आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) पिवळी रेघ मारून सुचवत राहतो की कलेक्ट(टूलिस्ट()) च्या जागी ते टाक म्हणून. डोळे झाकून टाकू नकोस. ती लिस्ट बदलता येत नाही, खाली कुठे त्याच लिस्टवर अॅड किंवा सॉर्ट करत असशील तर चालू असताना अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन मिळेल, कंपाइलर काही बोलणार नाही. आधी त्या लिस्टचं पुढे काय होतं ते शोध, मग बदल.